घाटरस्त्याला हवी दोन हात साइडपट्टी

स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताकदिन शनिवार-रविवारला चिकटून आला की सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातला माणूस घराबाहेर पडताना दोनदा विचार करतो. वाईपासून महाबळेश्वरपर्यंत मोटारींची रांग लागते. एसटीचा भरवसा राहत नाही, दुधाची गाडी घाटात अडकते आणि आजाऱ्याला तालुक्याला न्यायचे तर घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. या जोडसुट्ट्यांत अलीकडे आणखी एक पाहुणा दिसू लागला आहे. झुंजूमुंजू व्हायच्या आत डोक्याला हेल्मेट, अंगात घट्ट भडक कपडे, सायकलच्या मागे लुकलुकणारा तांबडा दिवा, अशी पाच-दहा जणांची टोळी पसरणीचा घाट चढू लागते. कोणी पुण्याचे, कोणी साताऱ्याचे, कोणी कराड-कोल्हापूरकडचे. घरी मोटार असून सायकलवर आलेले.

आपल्याकडे या मंडळींना हसण्याची रीत आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी पोटासाठी सायकल मारली त्यांना हौसेखातर घाट चढणारा माणूस थोडा चक्रम वाटणारच. त्यात वावगे काही नाही. परंतु या पाहुण्याच्या निमित्ताने आपल्या रस्त्यांबद्दलची एक जुनीच तक्रार नव्याने मांडता येईल, म्हणून हा लेखनप्रपंच. ती तक्रार साइडपट्टीची आहे. डांबराच्या कडेला जी मुरमाची पट्टी असते, किंवा असायला हवी, तिची.

आधी ही सायकलफेरी कशी असते ते पाहू. साताऱ्याहून निघायचे, लिंब, वाई, मेणवली करून पसरणी घाटाने पाचगणी, तिथून महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून प्रतापगड, पुन्हा तोच घाट चढून महाबळेश्वर आणि परतताना केळघर घाटाने मेढ्यावरून सातारा. सगळे मिळून साधारण 180 किलोमीटर होतात. मोटारीने ही एका दिवसाची धावपळ. सायकलने मात्र तीन दिवस लागतात, आणि त्या तीन दिवसांत जे दिसते ते मोटारवाल्याच्या नशिबी नाही.

लिंबचेच घ्या ना. महामार्गाने मोटारी सुसाट जातात, त्यातल्या किती जणांना ठाऊक असते की फाट्याच्या आत काही किलोमीटरवर बारा मोटेची विहीर आहे? छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी ती आमराईसाठी बांधून घेतली. खोली 110 फूट, व्यास 50 फूट, आत उतरायला दगडी जिना आणि विहिरीतच बांधलेला छोटेखानी महाल. एका वेळी बारा मोटा चालायच्या. बारा मोटा म्हणजे चोवीस बैल झाले. त्यांची वैरण, त्यांचे नाडे-सोंदूर, मोटांची कातडी, हाकणारी माणसे, हा सगळा पसारा डोळ्यांसमोर आणला म्हणजे त्या काळचे पाणी किती महाग होते ते कळते. आज बटण दाबून पाणी काढणाऱ्या आपल्या पोरांना ही विहीर एकदा दाखवायला हवी.

पुढे वाई. 1659 साली विजापूरचा सरदार अफझलखान फौजफाटा घेऊन मुक्कामाला होता तो याच गावी. कृष्णेचे घाट, 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची प्राज्ञपाठशाळा, मराठी विश्वकोशाचे काम. एवढे एका गावात. तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे नदीचा घाट. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर ती इकडे आली, असे सांगतात. पोर्तुगिजांची घंटा, मराठ्यांचा घाट आणि खाली धुणे धुणाऱ्या बाया! सायकल भिंतीला टेकवून अर्धा तास बसावे असे हे ठिकाण आहे.

आणि मग चढ. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर, पाचगणी जवळपास 1300. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरमध्ये सहाशे मीटर, आपल्या भाषेत दोन हजार फूट चढायचे. शंभर पावले गेले की पाच पावले वर. पायी चालणाऱ्याला हा चढ फार वाटत नाही, पण सायकलला तो सोडत नाही, कारण मध्ये दम घ्यायला सपाटीच मिळत नाही. घाटाच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. गाव मागे पडले की छातीचा भाता सुरू होतो. वळणावळणाला कृष्णेचे खोरे खाली खाली जाते, उसाचे हिरवे चौकोन लहान होत जातात. पुण्याहून पाचगणीपर्यंत येऊन-जाऊन 200 किलोमीटरच्या सायकलफेऱ्या याच घाटाने होतात, आणि त्यांना मुदत असते साडेतेरा तासांची. शर्यत नसते, वेळेत परतले की झाले. नुसते पार पडण्यातच मोठेपणा आहे म्हणा ना.

पाचगणीनंतर भिलार. 4 मे 2017 पासून हे पुस्तकांचे गाव झाले, घराघरांत पुस्तके मांडली गेली. इकडची स्ट्रॉबेरी तर मुलुखात प्रसिद्ध आहे, 2010 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. थकल्या सायकलस्वाराला रानातूनच विकत घेतलेली वाटीभर स्ट्रॉबेरी काय लागत असेल ते त्यालाच विचारावे. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम एकत्र मानलेले आहेत. म्हणजे खाली ज्या कृष्णेच्या घाटावर बसलो होतो तिचे मूळ गाठायलाच जणू वर आलो.

तिसरा टप्पा सर्वांत कठीण. आंबेनळीचा घाट उतरून वाडा कुंभरोशीला यायचे आणि तिथून पुन्हा गडाचा चढ. प्रतापगड 1656 साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मोरोपंत पिंगळ्यांनी बांधला आणि 10 नोव्हेंबर 1659 ला त्याच्या पायथ्याशी जे घडले ते सर्वांना माहीत आहे. खानाची फौज महाबळेश्वरावरून पार गावी उतरली ती रडतोंडीच्या घाटाने. काय नाव आहे पाहा! चढणाराचे तोंड रडवे होते म्हणून रडतोंडी. पारला कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अजून उभा आहे. साडेतीनशे वर्षे पाण्याचे लोंढे सोसून उभा आहे, हे मुद्दाम लिहितो, कारण आता विषय रस्त्याचाच निघणार आहे.

हा सगळा इतिहास महामार्गावर नाही, गावांत आहे. लिंबमध्ये आहे, मेणवलीत आहे, पारमध्ये आहे. मोटारीचा पाहुणा टोलनाक्यावरून निघतो तो हॉटेलच्या दारात उतरतो. मधल्या गावांना त्याच्याकडून मिळतो तो धूर आणि प्लास्टिकच्या बाटल्या. सायकलवाल्याला तसे करून चालत नाही. त्याला दर दहा-बारा किलोमीटरला पाणी लागते, चहा लागतो, केळी लागतात, गूळ-शेंगदाणे लागतात, दुपारी पिठले-भाकरी मिळाली तर तो दोन भाकऱ्या जास्त खातो. पंक्चर झाले तर गावातला पंक्चरवाला शोधतो. रात्री त्याला कोरडी खोली, गरम पाणी आणि सायकल आत घ्यायची परवानगी एवढेच हवे असते. त्याचा पैसा थोडा, पण तो टपरीवर पडतो, घरगुती खाणावळीत पडतो. हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात तो जात नाही. या पाहुण्याला हाकलायचे की बोलवायचे?

बोलवायचे म्हटले तर त्याला जिवंत आणायची सोय करावी लागेल. इथे साइडपट्टी येते.

आपल्या रस्त्यांचे काय होते ते प्रत्येक जण पाहतो. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवे डांबर पडते. रस्ता चार बोटे वर उचलला जातो, कडेचा मुरूम मात्र तिथेच राहतो. पावसाळ्यात गटार तुंबलेले, म्हणून पाणी कडेने वाहते आणि तो मुरूमही खरवडून नेते. दोन-तीन थर झाले की डांबराच्या कडेला वीतभर पायरी तयार होते. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की पायी चालणारा खाली उडी मारतो, मोटारसायकलवाला कसाबसा सावरतो, सायकलवाला त्या पायरीवरून घसरतो आणि पडतो. कुठे पडायचे, बाहेरच्या बाजूला की चाकाखाली, एवढाच प्रश्न उरतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तिथे मुरूम एकदा टाकून भागत नाही, दर साल टाकावा लागतो, हे शेताचा बांध घालणाऱ्या कोणालाही समजेल.

आता कोणी म्हणेल, चार हौशी सायकलवाल्यांसाठी सरकारने पैसा का ओतावा? बरोबर आहे, त्यांच्यासाठी ओतूच नये. पण ते वर्षातून चार वेळा येतात. त्या पायरीवरून रोज कोण चालते ते बघा. वाडीवरून हायस्कूलला जाणारी पोरे चालतात. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई चालते, तिला तर मागचे दिसतही नाही. दुधाची किटली लावून डेअरीला जाणारा म्हातारा अजून सायकलवरच जातो. शाळेच्या मुलींना जागोजागी सायकली वाटल्या जातात, पुढाऱ्यांचे फोटो निघतात, आणि महिन्याभरात त्यांतल्या कित्येक सायकली पडवीत उभ्या राहतात. आई-बापाला विचारले तर सांगतात, रस्त्याला गाड्या किती आहेत, कशी पाठवायची पोरीला? सायकल दिली, पण ती चालवायला जागा दिली नाही. हा सरळ हिशेब आहे.

फार मागायचे नाही. डोंगराळ भागातल्या दुपदरी मोठ्या रस्त्याला 7 मीटर डांबर आणि दोन्ही अंगांना 90 सेंटीमीटरची पट्टी, असे रस्ते बांधणीचे मानक आहे. 90 सेंटीमीटर म्हणजे बरोबर दोन हात. गावाकडच्या साध्या एकपदरी रस्त्यालासुद्धा 3.75 मीटर डांबर आणि पट्ट्या धरून एकूण साडेसात मीटर रुंदी, हा हिशेब कागदावर आहे. म्हणजे नवे काही मागत नाही, कागदावरचे जमिनीवर मागतो आहोत. पूर्वी रस्त्यावर मैलकुली असत. हातात फावडे-घमेले, ठरलेल्या तुकड्याची जबाबदारी. पावसाआधी चर काढ, पावसानंतर मुरूम पसर, झुडपे छाट. साहेबाला विचारावे लागत नसे, मैलकुलीला विचारले की रस्त्याचा सगळा इतिहास कळे. ती माणसे निवृत्त होत गेली, जागा भरल्या गेल्या नाहीत आणि रस्ता ठेकेदाराच्या हवाली झाला. ठेकेदार डांबर टाकून बिल घेतो. कडेच्या मुरमात त्याला रस असायचे कारण नाही. 1972 च्या दुष्काळात याच जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या माणसांनी खडी फोडून रस्ते केले. हाताला काम देणाऱ्या योजनेचे नाव आज काहीही असो, साइडपट्टी आणि गटार हे फावड्या-घमेल्याचेच काम आहे. गावातल्या माणसाला ते मिळाले तर दोन्ही गोष्टी साधतील.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुरूर-वाई रस्त्याच्या आणि पुढे घाटाच्या कडेला जुने वड आहेत. इंग्रजांच्या काळात लावलेले. त्यांच्या पारंब्यांच्या कमानीखालून जाताना भर उन्हातही गारवा लागतो. रुंदीकरण म्हटले की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर येते, आणि ते तोडून केलेली साइडपट्टी आम्हाला नको. जिथे वड आहे तिथे पट्टी झाडाच्या मागून न्यावी, पायवाटेसारखी. पायी आणि सायकलने जाणाराला दोन हात पलीकडून जायला काहीच वाटणार नाही. मोटारीचा वेग तिथे कमी झाला तर ते बरेच.

वेगाचा विषय निघाला म्हणून सांगतो, घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची, असा नियम आहे. सायकल हेही वाहनच आहे. पण शहरातून आलेल्या कित्येकांना हा नियम माहीतच नसतो. ते गाडी न्यूट्रल करून सोडतात, ब्रेक तापतात, वळणावर गाडी दुसऱ्याच्या अंगावर येते. आंबेनळी घाटात 28 जुलै 2018 ला सहलीची बस दरीत कोसळली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची तीसएक माणसे गेली. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत याच घाटाचा रस्ता जागोजागी तुटून पडला. या घाटांशी चेष्टा चालत नाही.

सायकलवाल्यांनाही दोन गोष्टी ऐकवायला हव्यात. तीन-तीन जण शेजारी गप्पा मारत चालले तर मागच्या एसटीने काय करावे? खाऊच्या पाकिटांचे चकचकीत कागद घाटात पडलेले असतात, ते माकडांनी आणलेले नसतात. शाळा सुटायच्या वेळी गावातून पन्नासच्या वेगाने उतार मारत जाणे हेही मोटारवाल्यासारखेच झाले. आणि देवळाच्या पायरीवर पाय पसरून झोपण्याआधी गुरवाला विचारावे, तो नाही म्हणत नाही.

पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही. त्यांचे म्हणणे ऐकले जाते. त्यांत डॉक्टर असतात, इंजिनिअर असतात, अधिकारी असतात. गवताचा भारा वाहणाऱ्या बाईने साइडपट्टीसाठी अर्ज केला तर तो फायलीत जातो, आणि तोच अर्ज वीस सायकलवाल्यांच्या सह्यांनी गेला तर निदान उत्तर येते. हे चांगले नाही, पण असे आहे. मग त्याचा उपयोग का करून घेऊ नये?

वेळही बरी आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. आता पाहुणे वाढणार, पैसाही येणार. तो सगळा वाहनतळ, कमानी आणि दिव्यांच्या खांबांत जिरायच्या आत गावांनी आपले मागणे पुढे ठेवले पाहिजे. गड पाहायला येणारा माणूस ज्या रस्त्याने येतो तो रस्ता गावाचा आहे, हे आराखडा करणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या नेहमीच्या तारखा. गंमत म्हणजे जोडसुट्ट्याही बहुधा याच तारखांभोवती पडतात. गावात सभा भरलेली असते तेव्हा सायकलवाले वडाखाली चहा पीत असतात. पसरणीने, कुंभरोशीने, केळघरने, मेढ्याकडच्या गावांनी येत्या सभेत एकाच मजकुराचा ठराव करावा: आमच्या हद्दीतील रस्त्याला दोन्ही बाजूंनी दोन हात साइडपट्टी, पावसाआधी आणि पावसानंतर मुरूम, गटार मोकळे आणि वड शाबूत. हद्दीतली किती किलोमीटर पट्टी खचली आहे ते शाळेच्या मुलांकडून मोजून घ्यावे, त्यांना गणिताचा धडाही होईल. चहाला थांबलेल्या पाहुण्यांना ठराव वाचून दाखवावा आणि खाली वेगळ्या कागदावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. ग्रामपंचायतीकडून नक्कल घेऊन ती बांधकाम खात्याच्या उपअभियंत्याकडे हातोहात द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.